खरपुडीचा सत्कार

माझ्या कामाचं नाव चारचौघांत सांगायची सोय नव्हती. कागदोपत्री ते ‘वनस्पतींचं प्रजनन आणि उत्क्रांती’ असं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर झाडांची लग्नं कशी लागतात, मध्यस्थ कोण असतो आणि पिढ्यान् पिढ्या ती तशीच का लागत आली, याचा तपास. नगरच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात हा तपास केला. नोकरीच्या सुरुवातीलाच पालकांसाठी माझं व्याख्यान ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं, दार उघडं आहे ना याची खात्री केली आणि खालच्या आवाजात विचारलं, “मॅडम, ते ‘प्रजनन’ तेवढं काढता येणार नाही का? मंडळी खेड्यातली आहेत.” खेड्यातली मंडळी, म्हणजे ज्यांच्या गोठ्यात गाय माजावर आली की घरातली आजीसुद्धा मोठ्याने सांगते ती. व्याख्यानाचं नाव ‘फुलांचे विश्व’ असं झालं. मंडळींनी सगळे प्रश्न प्रजननावरच विचारले आणि प्राचार्य शेवटपर्यंत छताकडे बघत बसले.

घरीही फार वेगळं नव्हतं. आम्ही कोपरगावकडचे ऊसवाले. उसाला तुरा आला की माझ्या वडिलांचा चेहरा उतरायचा, कारण तुरा आला की ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. ऊस लावतात तो टिपऱ्यांनी, कांड्या तोडून. म्हणजे शिवारभर उभा दिसतो तो एकाच उसाच्या नकला काढून केलेला गोतावळा. त्यात लग्न नाही, नवं रक्त नाही, आणि एकाला रोग लागला की सगळे एकदम आजारी. तुरा हे उसाचं फूल. मला फुलांवर संशोधन करायचंय म्हटल्यावर वडील म्हणाले, “आम्हाला जे नको असतं, नेमकं त्याचंच शिक्षण घे.” त्यांना राग आला होता, पण व्याख्या अचूक होती.

मला पाहायला आलेल्या पहिल्या स्थळाची गोष्टही सांगूनच टाकते. रिवाजाप्रमाणे आम्ही नंतर त्यांच्या घरी गेलो. मुलाच्या आईने माझी परीक्षा म्हणून मला परसात नेलं आणि म्हणाली, “ही पपई एवढी उंच झाली, फुलं ढीगभर येतात, फळ काही धरत नाही. तुम्ही झाडांतल्या ना, सांगा बरं.” मी लोंबणारे तुरे पाहिले आणि सांगितलं, “नर आहे. कितीही खत घाला, कितीही नवस करा, याला काही होणार नाही.” शास्त्रीयदृष्ट्या यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. पण चहाचे कप खाली ठेवले गेले ते तसेच राहिले, आणि आठवड्याच्या आत मध्यस्थाचा निरोप आला की मुलगी फार शिकलेली आहे.

नंतर लग्न झालं, एका भूगोलाच्या प्राध्यापकाशी. त्यांच्या परसात पपई नव्हती.

नोकरीत नाव थोडं झाल्यावर गिऱ्हाइकं येऊ लागली. मी त्यांना गिऱ्हाइकंच म्हणते, कारण ती सल्ला घ्यायला येत नसत, औषध घ्यायला येत. त्यातले भाऊसाहेब माझ्या आवडीचे. त्यांनी कांद्याचं बी धरलं होतं. बी हवं असेल तर तयार कांदाच पुन्हा जमिनीत लावतात. त्याला उंच दांडा येतो, वर पांढऱ्या फुलांचा गोंडा, आणि त्यात काळं बी भरतं. भाऊसाहेबांचे गोंडे टपोरे होते, आत फोलकट. मी त्यांच्या रानात गेले. एवढं फुललेलं रान, आणि आवाज म्हणून नाही. फुललेल्या कांद्यात उभं राहिलं की कानाशी सारखी गुणगुण हवी.

“मधमाश्या कुठे आहेत?” मी विचारलं.

“मारल्या की,” भाऊसाहेब कौतुकाची वाट बघत म्हणाले. “लई झाल्या हुत्या मॅडम. फुलावर बसून सगळा रस प्यायला लागल्या. दोनदा फवारलं, तवा कुठं गेल्या.”

वऱ्हाडाच्या वाटेवर काटे टाकले आणि आता नवरी का बसून राहिली म्हणून विचारताय, असं मी त्यांना समजावून सांगितलं. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवायला कोणीतरी लागतं, आणि कांद्याच्या बाबतीत ते काम माश्यांचं आहे. भाऊसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली आणि विचारलं, “मंग आता टॉनिक कोनतं मारू?” पुढच्या हंगामात मात्र त्यांनी खरंच मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बांधावर मांडल्या. मला फोन करून कळवलंही. त्याच आठवड्यात शेजाऱ्याने फवारलं.

तर असा हा धंदा. पण माझं खरं काम शेतात नव्हतं, माळावर होतं.

नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर, पठारावर एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावामागे एक टेकाड आणि त्यावर मुरमाड माळ. पावसाळ्यात गुडघाभर गवत, एरवी नुसता दगड. या माळावर खरपुडी होती. काही जण तिला कंदीलपुष्प म्हणतात. गवताआडून वर येणारी बारीक वेल, आणि तिला बोटाच्या पेराएवढं लांबट फूल: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, टांगलेल्या कंदिलासारखी. फुलाला एक कुबट वास येतो. माणसाला तो नकोसा होतो, पण एक अगदी बारकी माशी त्यावर भाळते. ती नळीत उतरते, आत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे खाली जाता येतं, वर येता येत नाही. माशी आत अडकते, धडपडते, आणि त्या धडपडीत परागांची पुडी तिच्या तोंडाला चिकटते. मग केस सुकतात, फूल थोडं कलतं, माशी सुटते. तिला ना मध मिळालेला असतो, ना अंडी घालायला जागा. बाहेर येऊन दोन क्षण पंख झाडते आणि जाऊन दुसऱ्या कंदिलात शिरते. आपल्याकडे निवडणुका का होतात, हे मला राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांपेक्षा या माशीने जास्त चांगलं समजावलं.

मी तिथे काय करत होते? कळीला फूल होण्याआधीच कागदी पिशवी बांधायची, म्हणजे माशी शिरणार नाही, आणि बघायचं की माशीशिवाय शेंग धरते का. नाही धरत. मग काही फुलांत हाताने पराग ठेवायचे, शेजारच्या वेलीचे, दूरच्या वेलीचे, आणि कोणत्या शेंगेतलं बी दमदार निघतं ते बघायचं. भिंग घ्यायचं, पालथं पडायचं आणि थांबायचं. माझ्या विषयातलं बहुतेक शास्त्र थांबण्यात आहे. अनुदान देणाऱ्या समितीला मात्र थांबणं दाखवता येत नाही. एका तज्ज्ञांनी मला विचारलं होतं, “या माशीचा शेतकऱ्याला उपयोग काय?” मी म्हटलं, “माशीलाही शेतकऱ्याचा नाही.” अनुदान मिळालं नाही.

गावाला माझ्या पिशव्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माळावर कोणीतरी करणी केली अशी आवई उठली. पांढऱ्या पिशव्या, लाल दोरा, आणि एक बाई भर दुपारी गवतात पालथी पडून काहीतरी पुटपुटते. मी निरीक्षणं मोठ्याने बोलत असे, एवढंच. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीखाली अर्धं कापलेलं लिंबू. ते लिंबू ठेवणारी हौसाबाई तिसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन समोरच आली आणि काठी रोवून उभी राहिली.

“कुनाचं वाईट करती व्हय गं बाई?”

मी तिला भिंगातून फूल दाखवलं. आत अडकलेली माशी दाखवली. हौसाबाई बराच वेळ बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. “आरं देवा! ही तर आमच्या धाकल्यावानी. जितं भुललं तितं शिरलं!” त्या दिवसापासून ती माझी. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी निवृत्त झाले, नवरा गेला, केडगावला लहान घरात राहायला आले, तरी पावसाळा आला की माळावर जायची, आणि हौसाबाई भाकरीचं फडकं सोडून बसायची. तिला उत्क्रांतीत फार रस नव्हता. माझ्या मुलीला अजून मूल का नाही, यात होता. आणि मला एवढी मायेची चौकशी करणारं दुसरं माणूस नव्हतं, हेही खरं.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता त्या गावची सरपंच. हुशार मुलगी, धडाडीची. वर्गात प्रश्न विचारायची आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत कामाला लागायची.

“मॅडम, शनिवारी गावात कार्यक्रम आहे आणि तुम्ही प्रमुख पाहुण्या आहात. काय आहे ते सांगणार नाही. सरप्राईज आहे.”

आयुष्यभर उत्क्रांती शिकवलेल्या बाईला सरप्राईज या गोष्टीची भीती वाटायला हवी होती. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

गाडी टेकाडावरच नेली. हलगी वाजत होती. माळाच्या मधोमध मांडव, खुर्च्या, कडेला जेसीबी, आणि मांडवापासून टोकापर्यंत आखून खणलेले खड्डे. खड्ड्यांशेजारी पिशवीतली रोपं ओळीने मांडलेली: गुलमोहर, करंज आणि कुठले कुठले शोभेचे वृक्ष. वर फलक. फलकावर माझा फोटो, आणि माझ्या नावाचं वन. वैशालीने माझा हात धरून सांगितलं, “मॅडम, तुम्ही एवढी वर्षं या माळावर येताय. म्हटलं, तुमचा आवडता माळ ओसाड का ठेवायचा? हिरवागार करून टाकू.” नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने रोपं दिली होती, आणि त्यांचे एक साहेब फोटोसाठी कुदळ हातात घेऊन तयारच होते.

खुर्च्यांच्या खाली, खड्ड्यांच्या उकरलेल्या मातीत, खरपुडी होती. फुलावर आलेली. काही वेली उपटून मातीच्या ढिगावर पडल्या होत्या, कंदील तसेच टांगलेले. मला फेटा बांधत होते तेव्हा मी ते बघत होते. फेटा बांधणाऱ्याने सांगितलं, “मॅडम, मान हलवू नका.”

माझ्या हातात माईक आला तेव्हा शाल, श्रीफळ, वाकून नमस्कार सगळं होऊन गेलं होतं. माळ राहतो की जातो हे आता मी काय बोलते यावर होतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने हे सगळं माझ्यावरच्या प्रेमापोटी केलं होतं. शिव्या देता आल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, “हा माळ ओसाड नाही. तुम्ही ज्यावर खुर्च्या मांडल्यात ते फूल फार थोड्या जागी उरलंय. झाडं वाढली की सावली होईल, सावलीत ते मरेल. मला माझ्या नावाचं वन नको. मला हा माळ जसाच्या तसा द्या.”

कारखान्याच्या साहेबांनी कुदळ दुसऱ्या हातात घेतली. मागच्या रांगेतून हौसाबाई उठली. “बाई न्हाई म्हन्त्यात तर नका लावू. त्यांचाच माळ हाय की त्यो.” सातबाऱ्यावर तसं काही नव्हतं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वैशालीचं मला कौतुक वाटलं, ते आजही वाटतं. तिने क्षणभर डोळे मिटले आणि माईक घेतला. “मॅडमचा शब्द म्हणजे शब्द. झाडं खाली ओढ्याकाठी लावू. आणि हे फूल आता आपल्या गावाचं फूल.” खड्डे बुजवले गेले. साहेबांना ओढ्यावर नेऊन फोटो काढून दिले. मग बायकांनी वाचलेल्या एका वेलीला हळदकुंकू वाहिलं, माझी शाल तिच्याभोवती घातली आणि नारळ फोडला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत माझ्या विषयाचा झालेला हा एकमेव जाहीर सत्कार. मी घरी येऊन समाधानाने खिचडी खाल्ली.

निघताना मी वैशालीला बजावलं होतं, “काही करायचं नाही. हात लावायचा नाही. गुरं-शेळ्या चरतात तशा चरू द्या.”

“तुम्ही निश्चिंत राहा मॅडम.”

पावसाळा संपला, खरपुडी नेहमीसारखी जमिनीत गेली. हे तिचं आणखी एक कौशल्य. मातीखाली तिचा कंद असतो, आणि पाऊस थांबला की वेल सुकवून ती त्या कंदात झोपून जाते, पुढच्या पावसापर्यंत. आठ महिने कोरडा दगड, ऊन, वर काही नाही. दुष्काळ तिला सोसावा लागत नाही; दुष्काळ धरूनच ती घडली आहे. हजारो पिढ्यांत ज्यांना उन्हाळ्यात पाणी हवं होतं त्या वेली मेल्या, आणि ज्यांना नको होतं त्यांची ही पोरं. उत्क्रांतीचा एवढा एक धडा विद्यार्थ्यांच्या डोक्यात राहिला तरी माझा पगार फिटला, असं मी म्हणत असे.

त्या हिवाळ्यात माझा गुडघा बदलावा लागला. मुलगी मला पुण्याला घेऊन गेली आणि मी पुढचा पावसाळा लागेपर्यंत तिथेच अडकले. वैशाली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायची. माळाच्या वरच्या भागाला तारेचं कुंपण. ‘दुर्मिळ फूल, तोडू नये’ असा फलक, त्यावर चुकून सूर्यफुलाचं चित्र. मी अंगठा पाठवायची. कुंपण मला पटलं नव्हतं, पण सूर्यफुलावर हसण्यात ते सांगायचं राहून गेलं.

आषाढात मी काठी टेकत माळावर गेले. वैशाली आणि हौसाबाई दोघी बरोबर. दुरूनच कुंपणाच्या आतला भाग हिरवागार दिसला. त्या माळाचा तो रंग नव्हता. आत कमरेएवढं गवत, गाजरगवत, आणि काळी, मऊ, चपलेला चिकटणारी माती. मुरमावर काळी माती येते कुठून?

“पाझर तलावातला गाळ आहे मॅडम,” वैशाली म्हणाली. “बारा ट्रॉल्या टाकल्या. एक नंबर गाळ. लोक शेतासाठी भांडत होते, पण ग्रामसभेने ठरवलं, पहिला मान फुलाला.”

“आन् पानी,” हौसाबाई म्हणाली. “पान्याचं सांग की.”

मग ते कळलं. उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो. टँकर आला की घराला मोजके हंडे. ग्रामसभेत ठरलं की रोज पाळीने दोन घरांनी आपल्यातला एकेक हंडा माळावर न्यायचा. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. कोणाची पाळी चुकली की हौसाबाई स्वतःच्या वाटचा हंडा न्यायची, कारण तिला शेळ्यांमागे वर जायचंच असायचं. डोक्यावर हंडा घेऊन ते टेकाड ती कितीतरी वेळा चढली होती. “तुमचं फूल हाय म्हनून,” ती म्हणाली. “सांगितल्यापरमानं हात न्हाई लावला कुनी. वरून वरून पानी घातलं.”

मी खुरप्याने माती उकरली. खुणेचे दगड माझे मला पाठ होते. पहिल्या दगडापाशी कंद मिळाला, तो बोटांत दाबल्याबरोबर फुटला आणि आतून सडका चिकट रस आला. दुसऱ्या ठिकाणी नुसती साल. तिसऱ्या ठिकाणी काही नाही. झोपलेल्या कंदाला पाणी मिळालं की तो जागा होत नाही, कुजतो. मी एकेक जागा बघत गेले आणि त्या दोघी माझ्या मागे मागे येत राहिल्या.

“पाण्याने सडले,” मी शेवटी सांगितलं.

वैशाली समजली. पदवी होती तिच्याकडे, चेहरा पांढरा पडला. हौसाबाईच्या मात्र ते डोक्यात शिरेना. ती माझ्याकडे, मग त्या कंदाकडे बघत राहिली. “पान्यानं? पान्यानं कोन मरतं व्हय, बाई?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. त्यावर मी अख्खं आयुष्य घालवलं होतं. पण जिच्या घरी उन्हाळ्यात भांडी राखेने घासतात, आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसतात, तिला ‘तू तोंडातला घोट काढून दुसऱ्याला पाजलास आणि तेच विष ठरलं’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध. प्राचार्य, समित्या, मंत्री, साहेब, सगळ्यांना मी पुरून उरले. त्या दिवशी मी नुसतं खुरपं पुसत राहिले. मला भयंकर राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. वैशाली रडत होती. हौसाबाई रडत नव्हती. ती हातातली माती निरखत होती.

उतरताना माझा गुडघा बोलू लागला. कुंपणापासून बरंच खाली, एका कातळापाशी, मी त्या दोघींना पुढे व्हा म्हटलं आणि बसले. ती जागा कोणी जपावी अशी नव्हती. फुटका मुरूम, काटेरी गवत, शेळ्यांनी तुडवून केलेली पायवाट. टेकायला हात ठेवला आणि बोटाशी काहीतरी बारीक लागलं. गवताच्या काडीला वेढा देऊन वर आलेली वेल. तिला कंदील. त्याच्या पलीकडे आणखी एक, मग आणखी. खरपुडीच्या बियांना रेशमासारखा झुबका असतो, वाऱ्याबरोबर जातात. कधीतरी इथे येऊन पडल्या असणार. शेळ्यांनी गवत वाढू दिलं नव्हतं, गावाला पत्ता नव्हता, आणि हंड्यांचं पाणी सगळं वर कुंपणात गेलं होतं. मी वाकून फुलाच्या तोंडाशी डोळा नेला. आत माशी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पदराने टिपलं, उगाच खाली पडायला नको.

“काय गावलं का, बाई?”

हौसाबाई परत फिरली होती. चार पावलांवर उभी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही दिसतं. एवढंच तिला हवं होतं: एक तरी उरलं, असं मी म्हणावं. मी म्हटलं असतं तर तिने माझे हात धरले असते, वैशालीला हाक मारली असती, ग्रामसभा बसली असती. पाणी घालू नका म्हणून मी शपथ घातली असती तर त्यांनी सावलीला छप्पर बांधलं असतं, शेळ्या बंद केल्या असत्या, खत टाकलं असतं. काही न करता एखाद्यावर माया करायची, हे त्या गावात कोणाला जमलेलं नाही. शास्त्रज्ञाने दिसलं ते सांगायचं असतं, हा नियम मी विद्यार्थ्यांना घोकून घेतला होता. मी पाय सरकवून साडीचा घोळ त्या वेलीवर पसरला.

“काही नाही,” मी म्हटलं. “काटा मोडला.”

ती लगबगीने खाली बसली, काटा काढून द्यायला. “निघाला,” असं म्हणून मी पाय मागे घेतला.

आता मी पावसाळ्यात त्या गावी जाते ती हौसाबाईला भेटायला, असं सगळ्यांना वाटतं, आणि तेही खरंच आहे. येताना त्या कातळापाशी दम खायला थांबते. हे लिहिलेलं तिला कोणी वाचून दाखवणार नाही अशी आशा आहे. वैशालीच्या हाती हा अंक पडलाच तर तिने माझी विद्यार्थिनी म्हणून एवढं एकदाच उत्तर पूर्ण ऐकावं आणि कामाला लागू नये.

यंदा उन्हाळ्यात भर दुपारी हौसाबाईचा फोन आला. ती फोनवर ओरडून बोलते, टेकाडाच्या पल्याड हाक मारावी तशी.

“बाई, म्या काय म्हन्ते, तुमचं फूल दुसऱ्या कुठल्या डोंगराव असंल की. तुमी नुसतं कुठं हाय ते सांगा. म्या सोता जाती, आनती, लावती. यंदा पानी कमी घालीन, लई न्हाई. निम्माच हंडा.”

“आता कुठंच नाही, हौसाबाई,” मी म्हटलं.

तिकडून शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत राहिला.

मग तिने हळू आवाजात विचारलं, “तुमी जेवला का, बाई?”